दुधाच्या थेंबाची बांगडी

आमच्या लहानपणी कनेरगाव नाक्यावर दूध बांगडीवर पारखलं जायचं. दुधाची घनता मोजायची नळी असते हे तिथं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी चहाच्या हॉटेलात ती कोणी ठेवली नसती. हॉटेलवाल्याकडे काचेचा एक ग्लास होता, त्यात पाणी. दुधाच्या कॅनमध्ये तो बोट बुडवायचा, बोटाच्या टोकाला लोंबणारा थेंब पाण्यावर सोडायचा आणि डोळे बारीक करून बघायचा. असा थेंब पाण्यात शिरला की कधीकधी त्याचा एक नाजूक पांढरा गोल तयार होतो आणि तो स्वतःतच आतून बाहेर वळत सरळ तळाकडं उतरत जातो. आडवी सोडलेली बांगडी उतरावी तसा. तो दिसला की हॉटेलवाला म्हणायचा, "पडली." म्हणजे दूध खरं. गोल न होता थेंब विस्कटला, धुरासारखा पाण्यात पसरला, की म्हणायचा, "फाटली." म्हणजे दुधात पाणी. त्यापुढं कोर्ट नाही न् कचेरी नाही.

या बांगडीवर मी पुढं आयुष्याची बरीच वर्षं घातली. पुस्तकात तिला वलयाकार भोवरा म्हणतात. नाव बरोबर आहे, पण त्या नावाला दुधाचा वास नाही, म्हणून मी अजूनही बांगडीच म्हणते. मी शिकवते त्या वर्गातली मुलं हसतात. हसू द्यावीत. या बांगडीनं नाक्यावर कोणाकोणाला रडवलं ते त्यांना ठाऊक नाही.

आमचं गाव नाक्यापासून पायवाटेनं जवळ. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, सगळी कामं परभणीला. घरात मेंढरं, शेळ्या आणि दोन म्हशी. बा मेंढरं घेऊन वर्षातले बरेच महिने वाशिमच्या बाजूला असायचा, त्यामुळं घर, म्हशी आणि आम्ही लेकरं सगळं मायच्या अंगावर. म्हशीचं दूध रोज सकाळी नाक्यावर घालायचं कामही तिचंच. मी हिंगोलीच्या कॉलेजात अकरावीला होते, माझी एसटी नाक्यावरूनच सुटायची, म्हणून मी तिच्या सोबत चालत जायचे.

हॉटेलला उंच ओटा होता. पुरुष माणूस दूध घेऊन आला की ओटा चढून जायचा आणि कॅन सरळ गल्ल्याच्या टेबलावर ठेवायचा. ग्लासही तिथंच, हॉटेलवाला खुर्चीत बसल्या बसल्या थेंब टाकायचा. बायका ओटा चढत नसत. हॉटेलात पुरुष बसलेले, तिथं कोणती बाई जाणार? त्या कॅन खालच्या पायरीवर ठेवायच्या आणि पदर सावरून दोन पावलं मागं सरकायच्या. मग हॉटेलवाला ग्लास घेऊन ओट्याच्या कडेला यायचा, ग्लास कॅनशेजारी ठेवायचा, ओणवून बोट बुडवायचा आणि कधी जरासा झुकून, कधी ताठ उभा राहून वरूनच थेंब सोडायचा. परक्या बाईच्या पायाशी वाकून बसणं पुरुषाला शोभत नाही, अशी रीत. सगळे हे रोज बघत होते आणि त्यात बघण्यासारखं काही आहे असं कोणालाही वाटत नव्हतं. मलासुद्धा नाही.

एका सकाळी मायच्या दुधाची बांगडी फाटली. हॉटेलवाला ओट्यावरून म्हणाला, "बाई, पानी जास्त झालं की आज."

माय म्हणाली, "भाऊ, पुन्यांदा टाका."

त्यानं टाकला. पुन्हा फाटली. आतल्या बाकड्यावर कोणीतरी खुदकन हसलं. मायनं कॅनचं झाकण लावलं, कॅन डोक्यावर घेतली आणि आलो त्या वाटेनं परत फिरली. मी एसटी सोडून तिच्या मागं गेले. वाटभर माझ्या अंगाचा तिळपापड होत होता, कारण धार काढताना मी शेजारी बसलेली होते. त्या दुधात पाण्याचं बोटसुद्धा बुडालेलं नव्हतं.

आता ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांना ही गोष्ट लहान वाटेल. एका हॉटेलवाल्यानं दूध घेतलं नाही, दुसऱ्याला घाला. पण मेंढरामागच्या माणसांत दुधात पाणी घालणं म्हणजे साधी लबाडी नव्हे. ज्या घरात दुधाला पाणी लागतं त्या घरात जनावर टिकत नाही असं आमच्यात धरतात. म्हणून ज्या बाईची बांगडी फाटली, तिला तोंड दाखवायचं असेल तर एकच वाट होती. माळावरच्या खंडोबाच्या ठाण्यात जायचं, पुजाऱ्यासमोर उभं राहायचं आणि बेलभंडारा उचलायचा. ओंजळीत बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घेऊन म्हणायचं की मी पाणी घातलं नाही, घातलं असेल तर देवानं माझं बघावं. मग पुजारी नाक्यावर निरोप धाडायचा आणि त्या बाईचं दूध पुन्हा सुरू व्हायचं. आमच्या गावातल्या कितीतरी बायांनी असा भंडारा उचललेला होता. शेजारच्या काकूंनी तर दोनदा.

माय गेली नाही.

आधी शेजारणी समजवायला आल्या, मग बा घरी आला तेव्हा त्यानं सांगून पाहिलं. बा मऊ माणूस. म्हणाला, "एक डाव उचल न्. काय जाऊन राहिलं आपलं? तू खरीच हायस."

"म्या काहून उचलू?" माय म्हणाली. "ज्यानं पानी घातलं म्हनलं त्यानं उचलावा. त्यानं बघितलं व्हय म्या घालताना?"

"अगं, लोकं काय म्हनतील?"

"लोकं म्हनूनच राहिले न्. आनखी काय म्हनतील?"

तिच्या या उत्तराला गावात कोणी मान दिला नाही. उलट सगळ्यांना खूणच पटली. खरी असती तर उचलला असता, घाबरते म्हणून टाळते. तिला पाणीवाली हे नाव पडलं आणि चिकटलं. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या कळपात रोग शिरला, मेंढरं गेली. तशी ती आसपासच्या सगळ्याच कळपांतली गेली होती, पण बोटं मोडायला लोकांना आमचंच दार सापडलं. मायनं दूध विकणं सोडलं. ती तूप कढवून आठवडी बाजारात न्यायला लागली. तुपाची बांगडी कोणी पाडून बघत नाही.

पण खरा घाव नाक्यावर बसलाच नव्हता. तो चंपाषष्ठीला बसला. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरची बाई आपल्या घरचं दूध ठाण्यात नेते आणि तिथल्या मोठ्या तांब्याच्या घंगाळात ओतते. सगळ्या घरांचं दूध एकत्र होतं आणि त्यानं देवाला अंघोळ घालतात. माय लग्न होऊन आली तेव्हापासून तिची चरवी कधी चुकली नव्हती. त्या वर्षीही ती गेली. मी बरोबर होते. तिनं चरवी उचलली आणि पुजाऱ्यानं घंगाळाच्या तोंडावर आपला तळहात आडवा धरला.

"बाई, आधी बेलभंडारा."

माय त्या हाताकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर ओतेल त्याच्या हातावरच. तिनं यातलं काहीच केलं नाही. ती घरी आली, ते दूध तापवून आमच्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "देवाला न्हाई चाललं, तुमी प्या." पुढं कित्येक वर्षं चंपाषष्ठीला ती घरीच राहिली. सण आला की आदल्या दिवसापासून तिचं कोणाशी पटायचं नाही. तिला ते घंगाळ हवं होतं. दूध विकलं जात नाही याचं तिला काही नव्हतं, पण गावाच्या दुधात आपलं दूध नाही हे तिच्या जिव्हारी लागलेलं होतं. आणि तरीही ती भंडारा उचलणार नव्हती. मी तिच्याच पोटची, त्यामुळं तिचं चुकतंय असं मला एकदाही वाटलं नाही.

मी शिकत गेले. हिंगोलीला बी.एस्सी., मग विद्यापीठाच्या गावी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. तिथं द्रवांच्या प्रवाहावरच्या एका जाडजूड पुस्तकात एक आकृती होती: वाहत्या द्रवात गोल वळलेला भोवरा, ज्याची दोन्ही टोकं एकमेकांना मिळाली आहेत. मी ग्रंथालयात बसल्या जागी हबकले. ही तर बांगडी. मी ते प्रकरण अधाशासारखं वाचलं. ती कशी होते, स्वतःलाच ढकलत पुढं कशी जाते, मोठी सावकाश का चालते आणि लहान भरभर का, एकामागून एक सोडल्या तर मागची आकसून पुढच्या बांगडीच्या पोटातून कशी निसटते, सगळं होतं. थेंबाचा वेग, आकार, द्रवाचा चिकटपणा, सगळ्याचा हिशोब होता. खरेखोटेपणाचा कुठं उल्लेख नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. एवढ्या मोठ्या पुस्तकाला जे ठाऊक नाही ते नाक्यावरच्या त्या ग्लासाला कसं ठाऊक होतं?

त्याच रागावर मी पीएच.डी.ला नाव नोंदवायला गेले. तोवर मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. माझे मार्गदर्शक सर सज्जन, पण जपून पावलं टाकणारे. ते म्हणाले, सगळा विभाग पदार्थांच्या पातळ थरांवर, म्हणजे थिन फिल्मवर, काम करतोय, तुम्हीही तेच घ्या, उपकरण तयार आहे, संदर्भ तयार आहेत. मी म्हटलं, मला थेंब पडून होणाऱ्या बांगड्यांवर काम करायचंय. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

मान्यतेच्या समितीपुढं तर मजाच झाली. चहा चालू होता. एका सदस्यांनी विचारलं, "मॅडम, ग्लासात थेंब टाकून डॉक्टर होणार का तुम्ही?" बाकीचे हसले. दुसऱ्यांनी गंभीर होऊन विचारलं की याचा उपयोग काय.

मी म्हटलं, "सर, तुम्ही आत्ता हसलात तेव्हा तुमच्या हृदयाच्या डाव्या कप्प्यात रक्त शिरलं. शिरताना तिथं अशीच एक बांगडी झाली. ठोक्याठोक्याला होते. ती नीट झाली नाही तर डॉक्टरांना काळजी वाटते. उपयोग तिथून मोजा."

हसू थांबलं. सरांनी टेबलाखाली माझ्याकडं हात करून खूण केली की पुरे. पण मी पुरे करणारी नव्हते. गावाकडची, मेंढरामागची, बाई, त्यात विषय असा; यांतल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांच्या भुवया वर गेलेल्या मला दिसत होत्या. मग मीही आवाज खाली आणला नाही. विषय मंजूर झाला. शीर्षक मात्र त्यांनी एवढं लांबलचक करून दिलं की मलाच ते एका दमात म्हणता येत नव्हतं.

उपकरण म्हणाल तर मी जुळवलेलं. काचवाल्याकडून काचा कापून आणल्या आणि चिकटवून टाकी केली. पहिली रात्रभरात गळून रिकामी झाली, दुसरी टिकली. थेंब दर वेळी सारखाच पडावा म्हणून औषधाच्या दुकानातून सलाईनची नळी आणली. प्रयोगशाळेचा लोखंडी स्टँड, त्यावर पट्टी. मागं काळं कापड, बाजूनं दिव्याचा झोत. हिंगोलीतल्या एका ओळखीच्या स्टुडिओवाल्याकडून कॅमेरा मागून आणायचे. थेंब सोडायचा, बांगडी किती खोल गेली ते बघायचं, नळी बोटभर वर सरकवायची, पुन्हा. असं मी महिनोन्‌महिने केलं. सोबतच्या मुली म्हणायच्या की हिला नळाखाली बसवा, काम लवकर संपेल.

आणि मग ते दिसलं. नळी खाली असताना बांगडी सुंदर व्हायची, टाकीच्या तळापर्यंत जायची. थोडी वर केली की बिघडायची. आणखी थोडी वर केली की पुन्हा सुंदर. पुन्हा वर, पुन्हा बिघडली. कारण समजायला मला पुस्तकं धुंडाळावी लागली, आणि कोणीतरी ते आधीच पाहून ठेवलं होतं म्हणून माझा जरा विरसही झाला. थेंब सुटल्यावर शांत पडत नाही. तो थरथरत येतो. घटकेत लांबट, घटकेत चपटा, पुन्हा लांबट. पाण्याला टेकताना तो कोणत्या अवस्थेत आहे यावर बांगडी ठरते. आणि एका उंचीच्या वर गेलं की काही केलं तरी बांगडी नीट होतच नाही. पाणी उसळतं, थेंब आदळून विखुरतो. मग तो दुधाचा असो, शाईचा असो, की गंगेचा.

मग मी दूध घेतलं. हे काम शीर्षकात नव्हतं. सरांना मी ते नंतर सांगितलं. म्हशीचं निकं दूध, थोडं पाणी घातलेलं, निम्मं पाणी घातलेलं. एकाच उंचीवरून, एकाच नळीनं. निम्म्या पाण्याचं दूध इतकी देखणी बांगडी घालत होतं की मी टाकीसमोर बसून मोठ्यानं हसले. रंग तेवढा फिका, बाकी चाल निक्या दुधापेक्षाही डौलदार. आणि ग्लासाला जरा तूपकट हात लागला असेल, पाण्यावर पुसटसा तवंग असेल, तर निक्या दुधाचीही फाटत होती.

हसू थांबलं ते पट्टीकडं बघताना. बांगडी हमखास पडते ती उंची होती वीतभर. टेबलाजवळ खुर्चीत बसलेल्या माणसाचा हात ग्लासापासून असतो तेवढी. आणि हमखास फाटते ती उंची म्हणजे पायरीवर ठेवलेल्या ग्लासावर ताठ उभ्या माणसाच्या हाताची. मी स्टूलावरून उठले. उभ्यानं हात पुढं करून पाहिला, बसून पाहिला. टेबलावर पुरुषांच्या कॅनी होत्या. पायरीवर बायकांच्या. हॉटेलवाल्याच्या मनात आलं आणि तो जरा वाकला की त्या दिवशी आमच्या बायका खऱ्या, आणि त्याची कंबर धरली असेल त्या दिवशी आमच्या बायका चोर. बायकाच पाणी घालतात असं नाक्यावर म्हणत ते यामुळं. इतकी वर्षं, इतके बेलभंडारे, आणि मुळाशी काय, तर एका पुरुषाची न वाकणारी पाठ.

मी सुट्टी घेऊन घरी गेले. माय चुलीपुढं भाकरी थापत होती. मी तिला सगळं सांगितलं, हातानं उंची दाखवून सांगितलं. मला वाटलं ती उठून मला जवळ घेईल.

ती भाकरी उलटत म्हणाली, "मंग? म्या पानी घातलं न्हाई, हे मला ठाव नव्हतं व्हय?"

"माय, पण आता लोकांना दाखवता येतं. आपलं दूध घेऊ, नाक्यावर जाऊ..."

"आपलं दूध न्हाई न्यायचं." तिनं हातातली भाकरी खाली ठेवली. "माझं दूध खरं हाय हे दाखवायला तू गेलीस तर म्या इतके वर्सं काहून थांबले? तुला दाखवायचंच आसंल तं त्याचा गिलास दाखव."

मला तेवढ्यात कळलं की या बाईनं कोणत्याही पुस्तकाशिवाय माझ्या प्रबंधाची चूक काढली आहे. मी तिला निर्दोष ठरवायला निघाले होते. तिला आरोपीच व्हायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध यायच्या वेळी, मी हॉटेलचा ओटा चढून आत गेले आणि बाकड्यावर बसून चहा मागितला. आतली माणसं कप तोंडाशी धरून बघत राहिली. हॉटेलवाला म्हातारा झाला होता, पण ग्लास तोच, रीत तीच. मी म्हटलं, "काका, तुमचा गिलास जरा द्या." तो गोंधळला. मी त्याच्या चुलीवरचं चहाचं दूध थोडं वाटीत मागितलं. त्यात तो किती पाणी घालायचा हे अख्ख्या नाक्याला ठाऊक होतं, चहाच्या दुधात घालतातच. ते गार केलं, ग्लास स्वच्छ धुवून, पाणी भरून टेबलावर ठेवला आणि वीतभर उंचीवरून थेंब सोडला.

बांगडी अशी पडली की मागच्या बाकड्यावरचा एक जण आपसूक म्हणाला, "पडली."

"हे पानी घातलेलं दूध हाय," मी म्हटलं. "काकांनीच घातलंय."

आता लोक उठून भोवती आले. मी एका माणसाची नुकतीच आलेली कॅन मागितली. तिच्यातला थेंब आधी टेबलावरच्या ग्लासात टाकून दाखवला, पडली. मग ग्लास पायरीवर ठेवला, हॉटेलवाला उभा राहायचा तिथं उभी राहिले आणि त्याच कॅनमधला थेंब वरून सोडला. फाटली. पुन्हा सोडला, फाटली. कॅनवाला चिडून म्हणाला की माझं दूध एक नंबर आहे. मी म्हटलं, आहेच. मग मी हॉटेलवाल्याला म्हटलं, तुम्ही टाका. त्यानं उभ्यानं टाकला. फाटली. मी म्हटलं, आता वाका. तो कंबरेला हात लावून कण्हत वाकला आणि टाकला. पडली.

"आता सांगा," मी म्हटलं, "फाटलेल्या कॅनी आजवर कोणाच्या होत्या?"

मग तो कॅनवालाच म्हणाला, "बायांच्याच की." मायचं नाव मी घेतलं नाही. चहा पिऊन मी खाली उतरले.

प्रबंधात मी हे सगळं एका प्रकरणात घातलं. परीक्षकांना ते प्रकरण काढून टाकावंसं वाटलं, म्हणाले, हे विज्ञान कमी आणि गावगाडा जास्त आहे. मी काढलं नाही. पदवी मिळाली ती त्या प्रकरणासकट.

नाक्यावरची गोष्ट त्याच दिवशी घरोघर पोचली होती. पुरुषांनी ती हसण्यावारी नेली. बायकांनी नेली नाही. ज्यांनी भंडारा उचलला होता त्यांना आता आठवायला लागलं की आपण देवासमोर थरथरत उभ्या होतो, त्या रात्री आपल्याला झोप नव्हती, आणि कशासाठी? शेजारच्या काकू आमच्या अंगणात येऊन मायला म्हणाल्या, "बाई, म्या दोनदा उचलला. दोनदा. तवा तू एकटीच श्यानी निघालीस."

चंपाषष्ठीच्या आधी पुजारी आमच्या दारात आला. म्हातारा झाला होता, आवाजही उतरला होता. म्हणाला, "औंदा दूध घेऊन या, बाई. भंडाऱ्याचं काई न्हाई आता."

"म्या न्हाई येनार," माय म्हणाली. "म्या आनलं तवा तुमी हात आडवा धरला. आता घंगाळ इकडं आना."

बा घाबरून तिच्याकडं बघायला लागला. देवाचं घंगाळ ठाण्याच्या बाहेर कधी गेलेलं नव्हतं. पुजारी तसाच परत गेला आणि मला वाटलं, संपलं. ही नाही म्हणून बसली, तेही बसतील.

सणाच्या सकाळी मी ठाण्यावर गेले. बायका चरव्या घेऊन येत होत्या, ओतत होत्या. घंगाळ निम्मं झालं असेल, तेव्हा शेजारच्या काकूंची पाळी आली. त्यांनी चरवीवरचं झाकण काढलं, घंगाळात बघितलं आणि झाकण परत लावलं. "घंगाळ तिच्या दारात जाऊन येऊ द्या. मंग ओतते," म्हणाल्या आणि तिथंच खाली बसल्या. त्यांच्या मागची बसली. तिच्या मागचीही. पुरुष ओरडले, समजावून पाहिलं, एकदोघांनी आपापल्या बायकांवर डोळेही वटारले. त्या बसून राहिल्या.

शेवटी घंगाळाच्या कड्यांतून वासा घालून चार पुरुषांनी ते उचललं. निम्मं भरलेलं घंगाळ जड असतं, वाटेत हिंदकळत होतं, पुजारी पुढं आणि बायका मागं. आमच्या दारात त्यांनी ते ठेवलं आणि घाम पुसला. माय गोठ्यात होती. तिनं हातपाय धुतले, पदर खोचला आणि चरवी घेऊन बाहेर आली. कोणाकडं न बघता तिनं दूध ओतलं, शेवटचा थेंब गळेपर्यंत चरवी धरून ठेवली.

पुजारी हात जोडून म्हणाला, "बाई, तुमचं दूध आज खरं ठरलं."

मायनं रिकामी चरवी काखेत धरली आणि बोटानं घंगाळाकडं दाखवलं.

"ठरवनारे तुमी कोन? आता ह्यातनं माझं तेवढं वेगळं काढून दाखवा, मंग सांगा खरं का खोटं."